विषय: सांगलीचा सर्व्हर, अभ्यासिकेत नाव सापडत नाही (पुन्हा)

प्रेषक: ग्रंथालय उपसमिती, मुक्काम सांगली

मंडळी, काल संध्याकाळी परत तेच झालं. खालच्या हॉलमध्ये 'ग्रंथ' (आपल्या सर्व्हरचं नाव) टाइप केलं की पान लगेच उघडतं. वर अभ्यासिकेत मात्र एकदा उघडतं, पुढच्या वेळी वीस-एकवीस सेकंद नुसतं चक्र फिरतं. स्पर्धा परीक्षेची पोरं रात्री साडेदहापर्यंत बसतात, त्यांचा वेळ जातो आणि ग्रंथपाल बाईंना उत्तर द्यावं लागतं. अभ्यासिकेतून पिंग करून, म्हणजे सर्व्हरला हाक मारून, पाहिलं. नावाला पत्ता कधी १९२.१६८.१०.५ येतो, कधी १९२.१६८.१.२०. दुसरा पत्ता सर्व्हरमधल्या नव्या नेटवर्क कार्डाचा, ब्रॉडबँडच्या बाजूचा. ती नोंद मी परवा डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतून) पुसली होती, आज सकाळी परत हजर! मी रविवारपर्यंतच इथे आहे. तिकडे परदेशात तुमचे रात्रीचे अकरा म्हणजे इथे सकाळचे साडेआठ, तेव्हा मी वाचनालयातच असतो.

प्रेषक: खजिनदार

दुसरं कार्ड बसवायचं कुठल्या बैठकीत ठरलं? माझ्याकडे ना ठराव आहे ना पावती. एक कार्ड होतं तेव्हा अशी तक्रार एकदाही आली नव्हती. उपसमितीने सामान घ्यायच्या आधी एक ओळ लिहावी, एवढीच अपेक्षा.

प्रेषक: ग्रंथालय उपसमिती

काका, कार्ड माझ्या पैशाने घेतलं, मंडळाच्या खात्याला हात लावलेला नाही. वाचकांच्या संगणकांना बाहेरचं नेट द्यायचं नाही हे आपणच ठरवलं होतं. मग स्कॅन तुमच्यापर्यंत पोचायचे कसे? म्हणून आतलं एक कार्ड आणि बाहेरचं एक.

प्रेषक: तासगावची ताई

दादा, इतका त्रास कशाला? अभ्यासिकेतल्या बाराही संगणकांच्या होस्ट्स फाइलमध्ये (संगणकाच्या स्वतःच्या नाव-पत्त्याच्या यादीत) एक ओळ घाल, तासाभरात मोकळा. नाहीतर दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ दे. आमच्या ऑफिसात सगळीकडे तसंच आहे.

प्रेषक: कराडकर

ताई, दोन्ही नको. ८.८.८.८ ला आपला 'ग्रंथ' माहीतच नाही. शिवाय दुसरा डीएनएस विचारला जातो तो पहिला गप्प बसला तर. 'असं नाव नाही' हेसुद्धा उत्तरच असतं, ते मिळालं की संगणक पुढे विचारत नाही. आणि इथे तर पहिला उत्तर देतोय, फक्त चुकीचा पत्ता देतोय.

होस्ट्स फाइलचं मी सोसलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सर्व्हर पोत्यात गुंडाळून वरच्या मजल्यावर नेला. पुढे पत्ता बदलला. तीन संगणकांच्या होस्ट्समध्ये जुना पत्ता कोणीतरी लिहून ठेवला होता आणि मी दोन दिवस केबली तपासत बसलो.

दादा, खालचा हॉल नीट चालतो यातच उत्तर आहे. एका नावाला दोन पत्ते असले की विंडोजचा डीएनएस सर्व्हर विचारणाऱ्याच्या रेंजमधला पत्ता आधी देतो. हॉल १०च्या रेंजमध्ये (पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होणारे), म्हणून त्याला कायम १०.५ मिळतो. अभ्यासिका २०च्या रेंजमध्ये. तिच्या रेंजमधला पत्ता दोन्हींत नाही, मग ते आळीपाळीने पुढे येतात. १.२० आला की तिथून तो पोचतच नाही. ते वीस सेकंद म्हणजे त्याची वाट बघण्यात गेलेले.

गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, दोन्ही कार्डांना दिला आहेस का?

प्रेषक: ग्रंथालय उपसमिती

नाही, फक्त बाहेरच्या कार्डाला. अभ्यासिकेच्या रेंजसाठी आतल्या कार्डावरून कायमचा रूट (ठरलेला रस्ता) घातलाय.

प्रेषक: कराडकर

उत्तम. आता बाहेरच्या कार्डाच्या आयपीव्ही४ (पत्त्याच्या) सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड, डीएनएस टॅब, 'या कनेक्शनचा पत्ता नोंदव' वरची टिक काढ. पुसलेली नोंद परत येते ती यामुळेच: संगणक सुरू होताना आणि नंतर दर २४ तासांनी आपली नोंद ताजी करतो. दोन्ही कार्डांवर डीएनएस म्हणून १०.५ च लिही, ब्रॉडबँडच्या राउटरने दिलेला नको. बाहेरची नावं फॉरवर्डरमधून सोडव, म्हणजे आपला डीएनएसच ती बाहेरच्या डीएनएसला विचारेल.

प्रेषक: मिरजेच्या वहिनी

पुराचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या सासूबाईंनी त्या आठवड्यात गच्चीवर चूल मांडली होती. रविवारी निघणार असाल तर सोमवारच्या बालवर्गासाठी दोन किलो भडंग आणाल का? पैसे लगेच पाठवते.

प्रेषक: ग्रंथालय उपसमिती

वहिनी, आणतो.

कराडकर, टिक काढली, नोंद पुसली, दुपारी छान चाललं. मग डीएनएस सेवा रीस्टार्ट केली आणि १.२० परत आला! टिक पुन्हा तपासली, नाहीये.

प्रेषक: तासगावची ताई

म्हणूनच म्हणत होते, होस्ट्स.

प्रेषक: कराडकर

थांब ताई. माझंच अर्धवट राहिलं. हा संगणक स्वतःच डीएनएस सर्व्हर आहे. डीएनएस सेवा ज्या ज्या पत्त्यावर ऐकते (प्रश्न घेते), ते पत्ते ती स्वतःच नोंदवते, तिला कार्डावरच्या टिकेशी देणंघेणं नाही. डीएनएस मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरफेसेस. 'सगळे पत्ते' ऐवजी फक्त १०.५ ठेव. मग १.२० ची नोंद पूस, सेवा रीस्टार्ट कर, अभ्यासिकेत प्रत्येक संगणकावर आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस ही आज्ञा चालव, म्हणजे लक्षात ठेवलेली जुनी उत्तरं पुसली जातील. सर्व्हरचा तसाच साठा, म्हणजे कॅशही, साफ कर. आणि उद्या सकाळपर्यंत थांब, २४ तास उलटल्याशिवाय झालं म्हणू नकोस.

प्रेषक: खजिनदार

बाहेरचं कार्ड ऐकत नसेल तर तिकडून कोणी आपल्या डीएनएसला विचारूही शकणार नाही, बरोबर ना? मग हे आधीच करायला हवं होतं. कार्डाची पावती पाठव, पुढच्या बैठकीत मांडतो. पदरचे पैसे कशाला?

प्रेषक: ग्रंथालय उपसमिती

बरोबर, काका. पावती घरी पोचल्यावर पाठवतो.

शनिवार, सकाळी ८.४०. रात्री सेवा दोनदा रीस्टार्ट केली, एकदा सर्व्हरच बंद करून चालू केला. आत्ता डीएनएसमध्ये 'ग्रंथ'ची एकच नोंद आहे, १०.५. अभ्यासिकेतल्या खिडकीजवळच्या संगणकावर, जो सगळ्यात जास्त अडायचा, वीस वेळा पान उघडलं. एकदाही चक्र फिरलं नाही. इंटरफेसेसचं मी ग्रंथपाल बाईंच्या वहीत मराठीत लिहून ठेवलंय, खाली तारीख घालून. ताई, तासगावला तुझ्या घरी बेदाण्याचा डबा तयार आहे असा निरोप आला, तो उद्या सकाळी जाताना उचलतो.