द्रुतातल्या ताना तबकडीवरच का फाटतात?

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातील ख्यालगायनाची एक एलपी (लाँग-प्ले तबकडी) मी नुकतीच स्वच्छ करून ऐकली. विलंबित, म्हणजे संथ लयीचा भाग, अगदी समोर बसून ऐकल्यासारखे वाटले, पण बाजू संपत आली तशा द्रुतातील, म्हणजे जलद लयीच्या भागातील, ताना (वेगवान स्वरमाला) खरखरीत होत गेल्या. याच ध्वनिमुद्रणाच्या सीडीवर तसे होत नाही. दोष सुईचा असेल का?

प्रतिसाद १ : सुई तपासाच, पण मूळ कारण भूमितीचे आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि हा वेग बदलत नाही. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ, म्हणजे बाजूच्या अखेरीस, जेमतेम २१, आणि तेवढाच ध्वनी निम्म्याहून कमी लांबीत कोंबला गेल्याने उच्च कंप्रता (तीक्ष्ण ध्वनी) विकृत होतात. आपले दुर्दैव असे, की द्रुत नेमके तिथेच येते.

प्रतिसाद २ : सीडीवर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने (मोजमापे) आरंभापासून अखेरपर्यंत सारखेच असतात, म्हणून तिथे ही अडचण नाही. मात्र जुन्या मुद्रणांतील खरखर काढण्याच्या नादात तंबोऱ्याची झळाळीही पुसली गेलेल्या सीडी माझ्याकडे आहेत, तेव्हा एलपी जपून ठेवा.

प्रश्नकर्ता : सुई भिंगाखाली पाहिली, एका बाजूने झिजलेली निघाली. नवी बसवल्यावर ताना बऱ्याच सुधारल्या, तरी शेवटच्या मिनिटातील खरखर उरलीच आहे.