दंतमंजनात कडुलिंब-बाभळीची पूड घालायची का अर्क? पेस्ट टिकत नाही, सल्ला हवाय

जांबोटी_संघ
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमचा बायकांचा संघ आहे, आम्ही दंतमंजन करून विकतो. बाभळीची साल, कडुलिंबाची पानं, त्रिफळा, लवंग आणि सैंधव, सगळं वाळवून वस्त्रगाळ केलेलं. गावाकडं खपतंय पण बेळगावात स्टॉल लावला की लोक डबी हातात घेऊन बघतात आणि विचारतात, पेस्ट नाही काय ओ? म्हणून सालीचा काढा आटवून त्यात ग्लिसरीन आणि खडूची पावडर घालून पेस्ट केली, चव झकास आली पण आठवड्याभरात वर पांढरी बुरशी आणि आंबूस वास. कुणीतरी सोडियम बेंझोएट घाला म्हणालेत. घालावं काय? आणि पूडपेक्षा अर्काला ताकद जास्त असते हे खरं काय?

गोवावेस_फार्मा
ताई, काढा म्हणजे शेवटी पाणी, आणि त्यात सालीतली साखर-डिंक उतरलेला, बुरशीला आयतं जेवणच ते. बेंझोएट आंबट पदार्थात काम करतंय, पीएच साधारण ५ च्या खाली असला तर. तुमच्या पेस्टमध्ये खडू आहे म्हणजे पीएच ८ च्या आसपास जाणार, तिथं घातलं काय न घातलं काय सारखंच.

अर्काची ताकद कशात काढला त्यावर आहे. बाभळीतलं टॅनिन गरम पाण्यात चांगलं उतरतं, तेच हिरड्या आवळतं. कडुलिंबातली बरीच कडू द्रव्यं मात्र पाण्यात नीट उतरत नाहीत, त्याला अल्कोहोल लागतं, त्यामुळं दोन्ही एका पातेल्यात उकळलात तर बाभळीचा अर्क निघेल आणि कडुलिंब बराचसा चोथ्यात राहील. आणि हो, काढा लोखंडी कढईत करू नका, टॅनिन लोखंडाला लागलं की काळंकुट्ट होतंय, स्टीलचं पातेलं घ्या.

माझं स्पष्ट मत, मंजनच करा आणि कोरडं ठेवा. पेस्ट नीट टिकवायची तर टेस्टिंग लागतंय, ते घरच्या चुलीवरचं काम नव्हे. साल पूर्ण कडक वाळल्याशिवाय दळू नका. सैंधव हवेतली ओल ओढतं आणि तुमच्याकडं जूनपासून हवा कशी असते तुम्हालाच माहीत, तेव्हा पावसाळ्यातल्या मालात मीठ कमी घाला आणि झाकण घट्ट असलेली डबी वापरा. लवंगेचं तेल घालणार असाल तर हात आखडूनच, त्यात ७० टक्क्यांहून जास्त युजेनॉल असतंय, हिरडीला नुसतं लागलं तर पोळतं.

टिळकवाडी_डेंटिस्ट
वरचं सगळं बरोबर. माझं थोडं वेगळं आहे आणि ते मनापासून सांगतोय, राग मानू नका. झाडपाल्यानं हिरड्यांना बरं वाटतं, सूज थोडी कमी होते, तोंडाचा वास जातो, हे मला मान्य. पण दात किडू नयेत म्हणून ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे ते फ्लोराईड, डब्ल्यूएचओनं २०२१ मध्ये फ्लोराईडवाली पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. तेव्हा 'कीड लागत नाही' असं डबीवर छापू नका, विशेषतः लहान मुलांच्या आया ते वाचून पेस्ट बंद करतील. सकाळी मंजन, रात्री फ्लोराईडची पेस्ट, असं सांगा, कुणाचंच नुकसान नाही.

दुसरं म्हणजे खरखर. गेरू किंवा जाडसर पूड वर्षानुवर्षं बोटानं घासणाऱ्यांचे दात मी रोज बघतो, हिरडीजवळ दाताला आडवी खाच पडलेली असते, नख फिरवलं तर अडकतं, आणि मग गार पाणी प्यायलं की कळ मस्तकात जाते. चिमूटभर पूड दोन बोटांत चोळून बघा, कच लागली तर परत चाळा.

आणि निपाणीकडं विकणार असाल तर मिश्रीवाल्या बायका हमखास विचारतील, यात थोडी तंबाखू घालता काय म्हणून. अजिबात नाही. दंतमंजनात तंबाखूला १९९२ पासून कायद्यानं बंदी आहे, आणि मिश्रीनं तोंडाचं काय होतं ते आम्ही खुर्चीवर बघतोय. उलट मिश्री सोडवायला तुमचं मंजन हातात देता आलं तर फार मोठं काम होईल.

जांबोटी_संघ
खूप आभार दोघांचे. पेस्टचा नाद सोडला. मिश्रीचं तर आमच्या संघातच दोघी-तिघी आहेत, त्यांच्यापासूनच सुरू करतो. लायसन्सचं कसं असतं?

गोवावेस_फार्मा
विकायचं तर लागतंय, घरगुती असलं तरी. नुसतं दात साफ करायला म्हणून विकलात तर कॉस्मेटिकमध्ये, हिरड्यांचं रक्त थांबतं वगैरे लिहिलात तर औषध धरतात, मग आयुर्वेदिकचं वेगळं लायसन्स. आधी ड्रग कंट्रोलच्या ऑफिसात जाऊन विचारा, मगच लेबल छापा.

अथणीकर
बाभूळ तुमच्या पावसाच्या पट्ट्यात कुठली मिळणार, इकडं बांधाबांधावर आहे. फक्त एक सांगतो, साल काढणारे लोक बुंध्याला गोल सोलतात, असं गोल सोललेलं झाड मरतंय. शेतकरी बांधावरच्या फांद्या छाटतात तेव्हा त्या फांद्यांचीच साल घ्या, पातळ असते त्यामुळं वाळतेपण लवकर. आणि जंगलातनं काही आणू नका, फॉरेस्टवाले पकडतात. किती किलो लागेल ते कळवा, गावात विचारून ठेवतो.