अनुभव धागा: जड फायटर विमान धावपट्टीवरून उचलताना (सिम्युलेटर)

डीसीएस वर्ल्ड या विमान-सिम्युलेटरमध्ये रिकामं फायटर उडवायला फार दिवस लागत नाहीत. पण पंखांखाली दोन बॉम्ब लटकले आणि टाक्या काठोकाठ भरल्या की तेच विमान डावीकडे गवतात घुसतं, नाहीतर पट्टी संपत आली तरी जमीन सोडत नाही. हा धागा तेवढ्यासाठीच. ज्या विमानावर तुमचा हात बसला आहे त्याबद्दलच लिहा: इंधन किती, ट्रिम (स्टिकवर सतत जोर न देता विमान सरळ राहावं म्हणून केलेली जुळवणी) किती, वेग किती आणि चुकतं नेमकं कुठे. आकडे हवेत. ‘सरावाने जमेल’ एवढ्यावर भागवू नका.

सुरुवात हिशेबाने करतो. वजन १० टक्के वाढलं की जमीन सोडण्याचा वेग साधारण ५ टक्के वाढतो, पण धाव मात्र जवळपास २० टक्के लांबते. एक तर जास्त वेग गाठायचा असतो, आणि तो गाठतानाही विमान सुस्त असतं.

प्रतिसाद: शेपूटचाक

पी-५१डी मस्टँग. यात अर्धं काम इंजिन सुरू करण्याआधीच होतं, इंधन ठरवायच्या सरकपट्टीवर. दोन्ही पंखांत मिळून १८४ गॅलन आणि पायलटच्या पाठीमागे ८५ गॅलनची टाकी, एकूण २६९. म्हणजे इंधन ६८ टक्के ठेवलं की पंख भरलेले आणि मागची टाकी रिकामी. बॉम्ब न्यायचे असतील तर ६८ च्या वर जाऊ नका. मागची टाकी भरली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. मग स्टिक जरा ओढली तरी नाक हवं त्यापेक्षा जास्त उठतं, आणि पहिल्याच वळणावर विमान उलटतं. लांबच्या मोहिमेला मागची टाकी लागणारच असेल तर उड्डाणानंतर आधी तीच वापरून २५ गॅलनच्या खाली आणा.

ट्रिम: रडर (शेपटीचं उभं सुकाणू) ६ अंश उजवीकडे, एलेरॉन (पंखांच्या टोकांच्या हलत्या पट्ट्या) शून्य, एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करणारी) शून्य. मागची टाकी भरलेली असेल तर एलिव्हेटर २ ते ४ अंश नाक खाली. फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) १५ ते २० अंश. तेल ४० आणि कूलंट ६० अंश सेल्सियसला पोचल्याशिवाय पूर्ण ताकद मागू नका. रेडिएटरचे दोन्ही स्विच ‘ऑटोमॅटिक’वर आहेत ना, ते बघा.

आता धाव. पट्टीवर आल्यावर चार-पाच मीटर सरळ पुढे जा, म्हणजे शेपटीचं चाक सरळ होतं. स्टिक मध्यावर किंवा मागे असेल तरच ते चाक लॉक राहतं आणि फक्त ६ अंश इकडेतिकडे वळतं. स्टिक पूर्ण पुढे गेली की मोकळं सुटतं. बहुतेक जण इथेच फसतात: शेपूट लवकर उचलायच्या घाईत स्टिक पुढे ढकलतात, चाक मोकळं होतं आणि विमान भोवऱ्यासारखं फिरतं.

ब्रेक धरून ३० इंचांपर्यंत (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) या, ब्रेक सोडा, मग सहा-सात सेकंद घेत थ्रॉटल ६१ इंचांपर्यंत न्या. आरपीएम ३०००. नाक डावीकडे ओढलं जाईल. उजवा पाय हळूहळू दाबत राहा, पण नजर बॉलवर (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी गोळी) नको, पट्टीच्या टोकाकडे हवी. बॉल सरकलेला दिसेपर्यंत विमान वळलेलं असतं. शेपूट आपणहून हलकी होऊ लागली की स्टिक मध्यावर येऊ द्या. शेपूट उठते त्या क्षणी डावीकडे आणखी एक झटका बसतो. पंख्याच्या जायरोस्कोपिक परिणामामुळे तो येणारच, त्यासाठी पाय तयार ठेवा. हलकं विमान ताशी १०० मैलांना सुटतं. ५०० पौंडांचे दोन बॉम्ब असतील तर १२० पर्यंत थांबा. त्याआधी ओढलंत तर विमान दोन मीटर वर जातं, डावा पंख पडतो आणि खेळ तिथेच आटोपतो.

प्रतिसाद: खुर्ची-पायलट

वरच्या प्रतिसादाला एक जोड. पर्यायांमध्ये ‘टेकऑफ असिस्टन्स’ची पट्टी असते, ती शून्यावर आणा. ती चालू असली की तुमच्या पायाखाली दुसराच कुणी रडर हलवत असतो आणि चूक कुणाची ते कळत नाही. पेडल नसतील, जॉयस्टिक पिळून रडर देत असाल, तर त्या अक्षाला सेटिंगमध्ये १५ ते २० चा कर्व्ह द्या. मध्याजवळची हालचाल मऊ होते आणि एकदम जास्त रडर जात नाही.

प्रतिसाद: चौपाखी

पी-४७डी थंडरबोल्ट. रिकामंच साडेचार टनांचं, भरलं की आठ टनांच्या जवळ. हे मस्टँगइतकं डावीकडे पळत नाही, पण याला पट्टी खूप लागते. लांब पट्टी निवडा आणि अगदी टोकापासून सुरू करा, टॅक्सीवे मध्येच मिळतो म्हणून तिथून नको. शेपटीचं चाक हातानेच लॉक करावं लागतं. ते विसरलं तर पहिल्या शंभर मीटरमध्येच कळतं. २७०० आरपीएम, ५२ इंच. पाण्याचं इंजेक्शन चालू केलं तर ६४ पर्यंत जाता येतं, आणि १००० पौंडांचे दोन बॉम्ब असतील तर जाच. आधी थ्रॉटल, मागून टर्बो. उलट केलंत तर इंजिन खराब होतं.

प्रतिसाद: खारा वारा

एफ/ए-१८सी हॉर्नेट, विमानवाहू जहाजाच्या कॅटापल्टवरून (विमान पुढे फेकणारं यंत्र). हे उलट सोपं आहे, फक्त ट्रिम चुकता कामा नये. चेकलिस्टच्या पानावर विमानाचं वजन आणि स्टॅबिलेटरचा (शेपटीचा आडवा हलता पंख) कोन दोन्ही दिसतात. ४४,००० पौंडांपर्यंत १६ अंश, ४५ ते ४८ हजारांना १७, ४९ हजारांच्या वर १९. फ्लॅप ‘हाफ’. लाँच बार (पुढच्या चाकाला कॅटापल्टशी जोडणारी दांडी) अडकल्यावर त्याचा स्विच परत वर करा, नाहीतर पुढचं चाक आत जाणार नाही. सॅल्यूट झाला की स्टिकवरचा हात काढा. खरे पायलटही उजव्या हाताने कॅनोपीची दांडी धरतात. नाक उचलणं संगणकाचं काम आहे. तुम्ही ओढलंत तर दोघांचं मिळून जास्त होतं.

सु-३३ चं तसं नाही. कुझनेत्सोव्ह या रशियन विमानवाहू जहाजावर कॅटापल्टच नाही, सगळी मदार डेकच्या टोकाला वर चढणाऱ्या १४ अंशांच्या उतारावर. पुढच्या दोन जागांवरून धाव सुमारे १०५ मीटर, तिसऱ्या जागेवरून १९५. जड विमान तिसऱ्या जागेवरूनच. आतल्या टाक्यांत सुमारे ९,५०० किलो इंधन मावतं. ते सगळं आणि वर क्षेपणास्त्रं असा हट्ट धरू नका. अर्ध्या इंधनावर उडा आणि वर टँकरकडून भरून घ्या, नळी जोडायची सोय त्यासाठीच आहे. मिशन बनवताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर चालवा. डेकवर २५ नॉट वारा मिळाला तर तेवढा वेग आयता मिळतो. उतार सोडल्यावर वेग कमीच असतो, विमान किंचित खाली बसल्यासारखं वाटतं. तिथे घाबरून ओढू नका, कोन तसाच धरून ठेवा. गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसावर असाच उतार जमिनीवर बांधलेला आहे. नौदलाच्या तेजसने २० डिसेंबर २०१४ ला तिथूनच पहिली उडी घेतली.

प्रतिसाद: पंचवीस अंश

मिग-२१बिस. फ्लॅप २५, ४५ नाही. ४५ उतरण्यासाठी. ब्रेक धरून पूर्ण आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) लावू नका, चाकं घसरतात. आधी विनाआफ्टरबर्नर पूर्ण ताकद, ब्रेक सोडा, मग आफ्टरबर्नर. तो पेटायला काही सेकंद घेतो, तेवढी पट्टी हिशेबात धरा. हलकं विमान ताशी ३४० किमीच्या आसपास सुटतं, बॉम्ब आणि पोटाखाली ८०० लिटरची टाकी असेल तर आणखी वेग लागतो. नाक आधी हलतच नाही आणि मग एकदम उठतं. उठायला लागलं की लगेच स्टिक थोडी पुढे द्या.

पट्टी आखूडच असेल तर शस्त्रांच्या यादीत एसपीआरडी-९९ नावाचे दोन रॉकेट बूस्टर मिळतात. आफ्टरबर्नर पेटल्याची खात्री झाल्यावर धावतानाच ते लावा. विझले की टाकून द्यायला विसरू नका. रिकामी नळकांडी दोन्ही बाजूंना तशीच राहिली तर चढताना वेग येत नाही, आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.