सापडल्याशिवाय विमान सोडायचं नाही: विमानाच्या देखभालीचे तुमचे अनुभव

मीनल_ठाणे
काल माळा आवरताना बाबांची टॉर्च हाती लागली. पितळी, बुडाला स्टाफ नंबर कोरलेला. बाबा सांताक्रुझला हँगरमध्ये टेक्निशियन होते, ३१ वर्षं. मी चौथीत असताना एका सकाळी ते रात्रपाळीहून आलेच नाहीत. घरी फोन नव्हता, आई सारखी गॅलरीत. साडेअकराला आले, डोळे लालबुंद. पाळी संपताना हत्यारं मोजली तर एक छोटा पाना कमी. तिथे फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, त्यातली एक जागा रिकामी. विमान तयार होतं, तरी साहेबांनी सोडलं नाही. सगळी पाळी गुडघ्यांवर शोधत होती. शेवटी चाकांच्या कप्प्यात एका नळीमागे ह्याच टॉर्चच्या उजेडात तो चमकला. पाना हरवलेला पोरगा नवा होता, रडायलाच लागला. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याने स्वतःहून सांगितलं होतं. बाबा हे नेहमी सांगायचे.
असे अनुभव असतील तर लिहा. प्रवाशांचेही चालतील.

सुहास७२
पुणे-दिल्ली. दारं लावून पाऊण तास तसेच बसलेलो, एसी बंद, पोरं रडतायत. एक इंजिनिअर मुलगी फाइल घेऊन कॉकपिटमध्ये गेली, बाहेर आली तेव्हा तिच्यावर चार जण ओरडले. मीही ओरडलो. शेवटी विमान बदललं. तिच्या मनगटापर्यंत वंगणाचे काळे डाग होते, ते आज वाचताना आठवले. फार वाईट वाटतंय.

प्रसाद_एएमई
सुहासदादा, ओरडणं सवयीचं आहे, मनाला लावून घेऊ नका. लॉगबुकात आमची, म्हणजे देखभाल इंजिनिअरची, सही झाल्याशिवाय विमान हलत नाही, म्हणून सगळे आमच्याकडेच बघतात.
मीनलताई, तो पाना दिसला हे नशीब. १० जून १९९०चं ब्रिटिश एअरवेजचं बर्मिंगहॅम-मालागा आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. उड्डाणाच्या २७ तास आधी कॉकपिटची काच बदलली होती. जुना बोल्ट हातात धरून नुसत्या नजरेने जोडीचे निवडले. ९०पैकी ८४ बोल्ट बारीक, फरक मिलिमीटरपेक्षाही कमी. १७ हजार फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. केबिन क्रूने त्यांचे पाय वीसेक मिनिटं धरून ठेवले. को-पायलटने साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टनसुद्धा वाचले. त्या कामाला दुसऱ्या कुणी तपासण्याचा नियमच नव्हता. मी तेव्हापासून डब्यावरचा नंबर मोठ्याने वाचतो, हेल्पर हसले तरी.

गौरी_भुसावळ
विमानाचं माहीत नाही बाई, पण आमच्या स्टेशनात गाडी थांबली की एक जण हातोडीने चाकं वाजवत जायचा. ठण ठण. तडा असेल तर आवाज बद्द येतो म्हणे. आजोबा रेल्वेत होते, त्यांना झोपेतही कळायचं.

सुहास७२
गौरीताई, भुसावळ म्हणजे केळी! आमची गाडी तिथे रात्री दोनला यायची, वडील तरीही उतरून फणी आणायचे.

गौरी_भुसावळ
रात्री दोनची केळी गोडच लागतात :) या कधी.

अनघा_योकोहामा
जेवण गॅसवर आहे, घाईत लिहिते. टोकियोच्या हानेदा विमानतळाजवळ जपान एअरलाइन्सचं सुरक्षा केंद्र आहे, तिथे १२३ क्रमांकाच्या विमानाचा मागचा दाबरोधक पडदा (केबिनमधली हवा कोंडून ठेवणारी शेपटाकडची भिंत) तुकडे जोडून ठेवलाय. उघड्या छत्रीसारखा दिसतो. १९७८ला ओसाकात शेपूट घासली, दुरुस्तीत जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार घ्यायला हवा तिथे एकच रांग घेत होती. सात वर्षं विमान उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ला पडदा फाटला, ५२० माणसं गेली, चौघी वाचल्या. तिथे थांबलेली घड्याळं आहेत, चष्मे आहेत, आणि खाली येताना घरच्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्या. वेड्यावाकड्या अक्षरात. मला पुढे सरकताच येईना.

मीनल_ठाणे
अनघा, वाचून हात थांबले गं.

वांद्रेकर
आजी कायम १ जानेवारी १९७८च्या रात्रीबद्दल बोलायची. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ जण. तेही देखभालीमुळेच ना?

प्रसाद_एएमई
तसं सरळ म्हणता येत नाही. कॅप्टनसमोरचा विमानाचा कल दाखवणारा काटा बिघडला, विमान उजवीकडेच कललंय असं दाखवत राहिला, म्हणून त्यांनी डावीकडे वळवत नेलं. बाकीची उपकरणं बरोबर होती. अंधार, खाली समुद्र, क्षितिज दिसेना. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. यंत्र बिघडणारच, म्हणून तर एकाच गोष्टीची दोन-तीन उपकरणं असतात.

वांद्रेकर
धन्यवाद. आजी त्या रात्रीनंतर विमानाचा आवाज आला की हात जोडायची.

प्रसाद_एएमई
मीनलताई, टॉर्च पेटते का? आम्हीही आमच्या हत्यारांवर नंबर कोरतो. मुलगा नंतर ती घेऊन खेळतो.

मीनल_ठाणे
सेल गळून आत हिरवं झालंय, दुरुस्तीला देतेय. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, त्या दिवशी डबा भरलेलाच परत आला होता. बाबांनी रात्रभर काही खाल्लं नव्हतं. त्याच पोळ्या कुस्करून फोडणीला टाकल्या आणि दुपारी आम्ही सगळ्यांनी एका ताटात खाल्ल्या.