नळ स्टॉपच्या थांब्यावर माहितीफलक लावायचाय, त्यावर काय असावं?

मंडळाचा कार्यकर्ता:
वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत. त्यातून पुण्यात नळ स्टॉपला, डेक्कनकडून येताना लागतो त्या थांब्यावर बसची माहिती देणारा फलक लावायचं ठरलंय. परवानगीसाठी अर्ज दिलाय. शहर बससेवेचं 'आपली पीएमपीएमएल' ॲप आहेच, पण कितीतरी आजी-आजोबांकडे साधाच फोन असतो. पूर्ण वेळापत्रक छापावं का?

रोजची प्रवासी:
पूर्ण वेळापत्रक नको. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर मिनिटांचा हिशेब टिकत नाही, आणि छापलेली वेळ दोनदा चुकली की फलकाकडे कुणी ढुंकून बघत नाही. पहिली बस, शेवटची बस आणि मधे साधारण किती मिनिटांनी, एवढंच द्या. शेवटची वेळ मात्र ठळक हवी. थांबायचं की रिक्षा करायची, हे त्यावरच ठरतं.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पौड फाट्याला बस कुठे वळते ते लिहा. तिथून पौड रस्ता कोथरूड डेपोकडे जातो, कर्वे रस्ता कर्वे पुतळ्यावरून वारज्याकडे. 2022 मध्ये मेट्रो सुरू झाली ती पौड रस्त्याने वनाजला जाते, त्यामुळे कर्वे पुतळ्याकडची माणसं नळ स्टॉपला उतरून बस शोधतात. परवा एक मावशी औषधांची पिशवी सावरत प्रत्येक बसच्या दाराशी जाऊन "कर्वे पुतळा जाणार का?" विचारत होत्या. फार वाईट वाटलं. तेव्हा क्रमांकांची लांबलचक यादी नको, दोन रकाने करा: 'पौड रस्त्याने' आणि 'कर्वे रस्त्याने'. क्रमांक त्याखाली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अंकांत.

छपाईवाला:
फ्लेक्स टाळा, उन्हात रंग उडतो. पत्र्यावर पांढऱ्यावर काळी, मोठी अक्षरं करा. फलक नजरेच्या उंचीला हवा.

मंडळाचा कार्यकर्ता:
दोन रकान्यांचं पटलं. गणपतीत मार्ग बदलतात, त्याचं काय करू?

रोजची प्रवासी:
खाली कागद सरकवता येईल अशी चौकट ठेवा, पालखीच्या वेळीही उपयोगी पडेल. कोपऱ्यात माहिती कोणत्या महिन्याची ते छापा. वेळा आगारातून घ्या, पण शेवटची बस तुमच्यापैकी कुणीतरी थांब्यावर उभं राहून ताडून बघाच. आणि डेक्कनकडे जाणाऱ्या बस रस्त्याच्या पलीकडे मिळतात, तेही बाण काढून दाखवा.