मदत हवी आहे: शिमोनादाला जायची ट्रेन नक्की कोणती?

ओसाकाकरीण
आईबाबा येताहेत. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत. जपानच्या शिकोकू बेटावर, समुद्राला लागून असलेल्या शिमोनादा स्टेशनच्या फलाटाचा फोटो त्यांनी पाहिला, तेव्हापासून तिथे जायचंच म्हणताहेत. मात्सुयामाहून इयो-ओझूच्या गाड्या ॲपवर दिसतात, लाइनही योसानच लिहिलीय, पण मधल्या स्टेशनांत शिमोनादा नाही! बंद झालं का? तिकिटं आजच काढायचीत, लवकर सांगा प्लीज.

रूळवेडा
एक्स्प्रेस बघताय की लोकल? कधी जाणार? पास आहे का?

सह्यपुत्र
सरळ कार भाड्याने घ्या. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणलं की जपानात चालतं. आम्ही अख्खं शिकोकू तसंच फिरलो.

ओसाकाकरीण
कार नको, ट्रेनच हवी. बाबांना ट्रेननेच जायचंय. उवाकाई नावाची एक्स्प्रेसच बघतेय.

रूळवेडा
इथेच घोळ आहे. स्टेशन चालू आहे. मुकाइबाराला योसान लाइनचे दोन फाटे होतात. किनाऱ्याने जातो तो जुना, शिमोनादा त्याच्यावर १९३५ पासून आहे. १९८६ मध्ये उचिकोकडून डोंगरातला जवळचा मार्ग सुरू झाला आणि सगळ्या एक्स्प्रेस तिकडे गेल्या. किनाऱ्यावर उरल्या लोकल. दोन्ही फाटे इयो-ओझूला मिळतात, म्हणून ॲप तुम्हाला जवळचा रस्ता दाखवतं. ‘मार्गे’च्या रकान्यात इयो-नागाहामा टाका, लगेच दिसेल.

ओसाकाकरीण
दिसलं!! पण गाड्या इतक्या कमी? मध्ये दोन-दोन तास काहीच नाही.

अनघा_त
आईबाबा शाकाहारी आहेत का? उदोन नूडल्सच्या रश्श्यातही मासा असतो, दिसत नाही. ठेपले, चिवडा बरोबर ठेवा.

पश्चिमवारा
लोकलच्या भानगडीत पडूच नका. ‘इयोनादा मोनोगातारी’ ही पर्यटकांची खास गाडी घ्या. सगळी ग्रीन कार, म्हणजे वरच्या वर्गाचे डबे, जेवण मिळतं, शिमोनादाला थांबते. आरक्षण मात्र लागतंच.

रूळवेडा
थांबते, पण थोडी मिनिटं. अख्खा डबा एकदम फलाटावर उतरतो, फोटो काढेपर्यंत परत चढा. ज्याला स्टेशन बघायचंय त्याने लोकलनेच जावं.

पश्चिमवारा
सत्तरीच्या माणसांना घेऊन? तिथल्या जुन्या किहा ३२ आणि किहा ५४ डब्यांत संडास नसतो, हे सांगितलंत का?

रूळवेडा
मुद्दा मान्य. मात्सुयामा स्टेशनवरच संडासला जाऊन यायला सांगा, पुढे तासाभराचाच प्रवास आहे. आणि जुन्या ब्लॉगवरून फलाट शोधू नका. मात्सुयामा स्टेशन सप्टेंबर २०२४ पासून वर उचललेल्या मार्गावर गेलंय, आतली रचना पार बदललीय.

कोकणी_मुलगा
विषय निघालाच आहे तर, आपल्या कोकण रेल्वेचं नाव कोकण, पण गाडीतून समुद्र किती दिसतो? बोगदे आणि डोंगरच जास्त. असा एखादा फलाट आपल्याकडे हवा होता.

सह्यपुत्र
शिमोनादाच्या फलाटाखालीही आता हायवे आहे, ३७८ नंबरचा. पूर्वी पाणी अगदी खाली यायचं. म्हणून म्हणतोय, कार.

रूळवेडा
हायवे फोटोत येतही नाही. शिवाय स्टेशनपाशी गाड्या लावायला जागा किती? आसपास लोक राहतात, त्यांना त्रास होतो. ओसाकाकरीण, तारीख सांगितलीच नाहीत अजून.

ओसाकाकरीण
गोल्डन वीकमध्ये, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांत. मला तेव्हाच सुट्टी आहे. सूर्यास्त बघायचाय.

अनघा_त
अगं बाई, हे आधी सांगायचं ना! १९९८, ९९, २००० अशी तीन वर्षं हे स्टेशन सेइशुन १८ या रेल्वेच्या स्वस्त तिकिटाच्या पोस्टरवर झळकलंय, सुट्टीत रांग लागते बाकावर बसून फोटो काढायला.

रूळवेडा
मेच्या सुरुवातीला तिथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. परतीची गाडी आधी ठरवा, मग जायची. सुइका कार्ड चालत नाही, स्टेशनवर तिकीटखिडकीही नाही. मात्सुयामाला तिकीट काढून ठेवा. येताना डब्यात चढल्यावर यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्या, मात्सुयामाला ती दाखवून गेटवर पैसे भरा; कर्मचारी नसलेल्या स्टेशनवर उतरलात तर पैसे ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे. हजाराच्या नोटा ठेवा, दहा हजारांची मोडून मिळणार नाही.

ओसाकाकरीण
खूप आभार. लोकलच घेतेय, दुपारीच पोचू म्हणजे बाबांना बसायला मिळेल. ते शेजारी बसून विचारताहेत: एकच रूळ दिसतोय, मग समोरून येणाऱ्या गाडीचं क्रॉसिंग कुठे होतं?

रूळवेडा
काकांना नमस्कार सांगा! शिमोनादाला होत नाही. इयो-नागाहामाला होऊ शकतं, तिथे दोन रूळ आहेत. वेळ असेल तर त्यांना तिथपर्यंत नेऊन आणा.