मदत हवी आहे: ताप आणि अंगभर लाल पुरळ, कॅज्युअल्टीत आधी काय बघता?

नमस्कार मंडळी. कॅज्युअल्टीत नवीन आहे. ताप आणि पुरळ घेऊन कुणी आलं की अजून पोटात गोळा येतो. पुस्तकातली भलीमोठी यादी आठवत बसायला वेळ कुठे असतो?

सध्या करते ते असं: पुरळाआधी पल्स, बीपी, श्वास आणि पेशंट शुद्धीवर आहे का ते. मग कपडे काढून पूर्ण अंग, तळपायांसकट. काचेचा ग्लास पुरळावर दाबून बघते, लाली जाते का. डाग गेला नाही आणि पेशंट मलूल असेल, तर मेनिन्गोकॉकस (मेंदूज्वर आणि रक्तात जीवघेणा संसर्ग करणारा जंतू) धरूनच चालते. ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतो का ते बघायला), लगेच सेफ्ट्रायॲक्सोन हे अँटिबायोटिक. पाठीतलं पाणी काढून तपासणं नंतर. इथवर ठीक.

अडतं ते लाली दाबल्यावर जाते तेव्हा. सगळे ‘व्हायरल असेल’ म्हणून मोकळे होतात. पण मेनिन्गोकॉकसचं पुरळही सुरुवातीला दाबल्यावर जाऊ शकतं ना? टॉक्सिक शॉकची (जंतूंच्या विषाने बीपी कोसळतं तो आजार) उन्हाने भाजल्यासारखी लालीही जाते. मग घरी कुणाला सोडायचं? आणि गडद त्वचेवर लालीच नीट दिसत नाही, तिथे काय?

प्रतिसाद १
लाली गेली म्हणून निर्धास्त होऊ नका. हातपाय गार, पाय विलक्षण दुखतायत, ताप उतरूनही पल्स धावतेय, यातलं काहीही असेल तर ठेवून घ्या. दोन-चार ठिपक्यांभोवती पेनने गोल करा आणि तासाभरात स्वतः परत बघा. गडद त्वचेत खालची पापणी ओढून बघा, टाळू बघा, तळहात बघा.

औषधं खोदून विचारा, गेल्या दोन महिन्यांतली. फिटची गोळी, युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल, सल्फा गटातली अँटिबायोटिक्स. ‘काही नाही घेत’ म्हणणाऱ्यांच्या पिशवीत पट्ट्या सापडतात! कातडी दुखतेय आणि ओठ-डोळे सोलले असतील तर स्टीव्हन्स-जॉन्सन (औषधाची कातडी सोलणारी घातक रिॲक्शन) समजून संशयित औषध तिथेच बंद. पाळी येणाऱ्या पेशंटला टॅम्पॉनबद्दलही विचारा, त्यातून टॉक्सिक शॉक होऊ शकतो, संकोच नको.

धागाकर्ती
पेनची युक्ती आजपासूनच. मनगट-घोट्यांपासून सुरू झालेलं पुरळ असेल तर?

प्रतिसाद २
रिकेट्सिया, म्हणजे गोचिडीसारख्या किड्यांच्या चाव्यातून येणारा जंतू. गोचीड चावली का, रानात गेला होता का विचारा. संशय पक्का वाटला की डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू, रिपोर्टसाठी थांबू नका. आणि खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, मग कानामागून उतरणारं पुरळ दिसलं तर गोवर समजून आधी पेशंटला वेगळ्या खोलीत हलवा. गोवर पुरळाच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत पसरतो, वेटिंगमध्ये बाळं असतात.